बिनआवाजाचा ड्रम

"खरा घेऊ का इलेक्ट्रॉनिक?"

शहापुरात माझं वाद्यांचं दुकान आहे. विक्री थोडी, दुरुस्ती जास्त. मागच्या खोलीत रेकॉर्डिंगही करतो. तिथे ड्रम घ्यायला आलेलं कुणीही पहिला प्रश्न हाच विचारतं. पूर्वी या प्रश्नावर मी अर्धा तास बोलायचो. चहा मागवायचो, दोन्ही सेट वाजवून दाखवायचो. आता "तुम्हाला परवडेल तो घ्या," एवढंच बोलतो आणि ढोलकीची शाई घोटायला बसतो. गिऱ्हाइकाला वाटतं, माणूस तुसडा आहे. वाटू दे.

ड्रमचा विषय सोडला तर मी मुळात कमी बोलणारा. वरातीपुढे वाजवणाऱ्या बेंजो पार्टीत वीस वर्षं साइडड्रम वाजवला, तिथे बोलायची गरजच पडली नाही. घरी बायको म्हणते, तुमच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे दगडातून पाणी काढायचं. तिलाही मी हे सगळं आत्ता गणपती झाल्यावर सांगितलं. तीन वर्षं एका घरात राहून तिला ठाऊक नव्हतं. लिहिताना अजून खरं वाटत नाही की ते मीच केलं.

आधी धंद्याचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आमच्या भागात रेकॉर्डिंग म्हणजे हळदीची गाणी, भजनं आणि देवीचे जागर. मेटल नावाचं संगीत असतं हे मला पन्नाशी जवळ आल्यावर कळलं. त्यात गिटार करवतीसारखी चालते, गाणारा गुरगुरतो आणि ड्रमवाला दोन्ही पायांनी शिलाई मशीन चालवल्यासारखा तळाचा मोठा ड्रम वाजवतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं मशीन बिघडली. पण चार वेळा ऐकल्यावर वादक म्हणून मान डोलली. एवढ्या वेगात दोन्ही पाय सारखे ठेवणं हे येरागबाळ्याचं काम नाही.

आता खरा ड्रम म्हणजे लाकूड, ताणलेला पडदा आणि झांजा. तो घरी रेकॉर्ड करायचा तर आठ-नऊ माइक लागतात, आणि तरी प्रत्येक माइकमध्ये दुसऱ्याचा आवाज घुसतो. वर खोलीही वाजते. पत्र्याचं छप्पर असलं की पत्रा थरथरतो, कोपऱ्यात रिकामं पिंप असलं की पिंप घुमतं. पण जीव असतो त्याला. इलेक्ट्रॉनिकमध्ये जाळीचे नाहीतर रबरी पॅड असतात. त्यांच्यावर काठी मारली की बाहेर फक्त टक्‌ असं येतं. कुठला पॅड, कधी, किती जोरात, एवढा निरोप वायरमधून डब्याला जातो आणि डबा वादकाच्या हेडफोनमध्ये ड्रमचा आवाज देतो. लॅपटॉपमध्ये तो निरोपच साठतो. मागाहून हवा तो आवाज चढवा, पाय मागेपुढे झाला असेल तर सरकवून घ्या. मेटलवाल्यांना हे फार सोयीचं. फक्त झांजांची मजा त्यात नाही, आणि वीज गेली की सगळं मुकं.

माझं मन कायम खऱ्याकडे. तरी हेमंताला मी इलेक्ट्रॉनिक घ्यायला लावला.

हेमंत मुरबाडच्या एका कारखान्यात फिटर. तेव्हा बत्तीस वर्षांचा. गाव सिद्धगडाच्या बाजूला, वडील नाहीत, घरात तो आणि आई, चांगुणामावशी. त्यांच्या बँडमध्ये चौघं. बाकीचे तिघं बदलापूर-कल्याणकडचे. प्रत्येकाने आपापल्या घरी वाजवून रेकॉर्ड करायचं आणि एकमेकांना पाठवायचं, अशी त्यांची पद्धत. ड्रम आधी लागतो, कारण बाकीचे त्याच्यावर उभे राहतात. म्हणजे सगळं हेमंतावर अडलेलं.

त्याच्याकडे जुना खरा सेट होता. घराला लागून, अंगणाच्या पलीकडे, भाताची खोली होती, तिच्यात तो वाजवायचा. एक दिवस तो दुकानात आला तो शेजाऱ्याला घेऊनच. शेजारी म्हणजे बारकूकाका. पांढरी टोपी, हातात छत्री, आणि भांडायचीच तयारी.

"तुमी याला बाजा विकलाव?" मला विचारलं.

"नाही काका. फक्त दुरुस्त केला."

"मग बिघडवून द्या! याचा ढामढूम सुरू झाला का आमची म्हस सड आखडून घेते. पान्हवतच नाय. दोन टायमाचा दूध गेला."

"काका, म्हस आधीपासनाच तशी हाय," हेमंत म्हणाला.

"गप रे! म्हशीला तू शिकवतंस का मी?"

मी हसलो. हेमंत हसला. काका हसले नाहीत. त्यांची तक्रार खरी होती. दोन्ही पायांचा तो ठोका आळीभर जमिनीतून जायचा. मावशींनाही त्रास होता, पण त्यांची तऱ्हा वेगळी. त्या अंगणातनं ओरडायच्या, "हेमंता, भात कांडतंस का काय रे? कांडतंस तर तूस तरी दे पाखडायला!" आणि त्याला बोलवायचं झालं की सरळ खोलीचा दरवाजा उघडून आत शिरायच्या, त्याच्या हातातली काठी धरायच्या. हाक मारून उपयोग नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एवढ्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार?

हे वाक्य लक्षात घ्या. खऱ्या ड्रमच्या वेळी त्यांना ते पक्कं ठाऊक होतं.

मी एका रविवारी जाऊन खोली पाहिली. पाहूनच सांगितलं, इथे खरा रेकॉर्ड होणार नाही. पत्रा वाजेल, शेजार वाजेल, म्हस तर वाजेलच. इलेक्ट्रॉनिक घे. सेट मी शोधून आणला, थोडा वापरलेला, जाळीच्या पॅडचा. तरी पायाच्या पॅडचे धक्के फरशीतून जातात, त्यावर तोड म्हणून मी एक युक्ती काढली. भाताची झोडणी नुकतीच झाली होती, अंगणात पेंढ्याचे भारे रचलेले. खाली पेंढा अंथरला, वर गोणपाट, वर जुनं दार आडवं टाकून त्यावर सेट. भिंतींना छातीपर्यंत भारे, त्यावर ताडपत्री. दरवाज्याला आतून गादी ठोकली. मोठ्या स्टुडिओत कापूस-फोम लावून जे महागात करतात ते आम्ही पेंढ्यात केलं. बारकूकाका स्वतः येऊन भिंतीला कान लावून गेले. "म्हस खूश," म्हणाले. मी त्या खोलीचा फोटो काढून दुकानात काचेखाली लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो. इतका शहाणा वाटत होतो स्वतःला.

रेकॉर्डिंगचा दिवस ठरला. आळीतली माणसं त्या दिवशी शेजारच्या गावी साखरपुड्याला जाणार होती. मावशीही जाणार होत्या. पण मी येणार म्हटल्यावर थांबल्या.

"पावना जेवल्याबिगर कसा जाईल? साखरपुडा काय, लोक रोजच करतात," म्हणाल्या.

तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या बोंबलाचं कालवण, कांदा. पोटभर वाढलं. मी हात धुताना त्या म्हणाल्या, "जा आता, कुटा काय कुटायचा त्ये. चाय ठेवीन मंग."

साडेबारा वाजले होते. हेमंताने दार लावून घेतलं, आतून कडी घातली, कारण नाहीतर गादीच्या वजनाने दार आपोआप उघडायचं. त्या क्षणानंतर मावशींना धडधाकट पाहिलेलं कुणीच नाही.

आमची कामाची रीत अशी. वाजवणाऱ्याच्या कानावर बंद हेडफोन, त्यात ड्रमचा आवाज, गिटारचा कच्चा ट्रॅक आणि तालाची टिकटिक. माझ्या कानावरही तसेच. मग आम्ही एकमेकांशी बोलणार कसं? त्यासाठी खोलीत मधोमध दांडीला एक माइक लटकवतो. तो बोलतो ते मला ऐकू येतं, मी बोलतो ते त्याला. वाजवणं सुरू झालं की वादकाच्या कानातून तो काढतो, फक्त माझ्या कानात ठेवतो. गाण्याशी त्या माइकचा संबंध नाही. पण माझी जुनी खोड, त्याचाही एक ट्रॅक चालू ठेवतो. वादक तोंडाने मोजत असतो, मध्येच शिवी देतो, कधी छान कल्पना बोलून जातो. नंतर उपयोगी पडतं.

वायरी जोडणं, आवाज जुळवणं यातच दोन वाजत आले. गाणं पाच मिनिटांचं. पाच वेळा घेतलं, पाच वेळा हेमंत शेवटाकडे घसरला. डावा पाय दमायचा. तो वैतागला. "दादा, माझ्याच्यान नाय होणार." मी म्हटलं, पाणी पी, एकदा शेवटचं घेऊ. तीन वाजून गेले होते.

सहावा टेक सुरू झाला आणि पहिल्या मिनिटातच मला कळलं की हा होणार. असे टेक कळतात. वादक विचार करायचा थांबतो आणि हातपाय आपले आपण चालतात. माझ्या अंगावर काटा आला.

आणि तेव्हा माझ्या हेडफोनमध्ये, त्या मधल्या माइकमधून, दबका एक ठोका आला. मग दोन. थांबून तीन.

मला वाटलं पायाच्या पॅडचा धक्का सेटखालच्या आडव्या दारातून माइकच्या दांडीत चढतोय. असं आजवर मी स्वतःला सांगत आलो. हेमंतालाही सांगणार होतो. आता खरं लिहितो. मला तसं वाटलं नाही. मी आयुष्यभर ताल वाजवलाय. पायाचा धक्का पायाबरोबर येतो. हे ठोके तालात नव्हते. कुणीतरी दारावर मारत होतं. अर्धा क्षण का होईना, मला ते स्पष्ट कळलं.

पण टेक चांगला चालला होता.

मनात आलं, मावशी चहा घेऊन आल्या असतील. दोन मिनिटं थांबतील. आता हाताने खूण केली तर हेमंताचं लक्ष जाईल, हा टेक गेला तर पुन्हा जमणार नाही. ठोके माझ्या ऐकण्यात अडथळा आणत होते. मी बोट पुढे केलं आणि माझ्या कानातला तो माइक बंद केला. एक बटण. खोलीतला माइक मुका झाला, टेक मात्र झकास ऐकू येऊ लागला.

टेक संपला. हेमंताने काठ्या वर फेकल्या. मी उठून त्याला मिठी मारली, मी, जो बायकोच्या भावालाही मिठी मारत नाही. मग आम्ही तो टेक पुन्हा ऐकला. मग अजून एकदा, शेवटची दोन मिनिटं. मी ठोके विसरलो होतो. खरंच विसरलो होतो, एवढं मात्र खरं आहे.

चारला थोडं कमी असताना हेमंताने कडी काढली. दार आत उघडायचं. ते उघडलं आणि मावशी आत कलंडल्या. पायरीवर दाराला टेकून बसल्या होत्या. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मांडीखाली मुडपलेला. एक चप्पल अंगणाच्या मध्यात, एक पायात.

"आये! आये गो! काय झाला?"

त्या त्याच्याकडे बघत होत्या. डोळे उघडे, अगदी शुद्धीत. तोंडातून नुसता घरघर आवाज. मी उभाच.  हेमंत किंचाळला, "दादा, गाडी काढा!" तेव्हा हललो.

मुरबाडला नेलं, तिथून कल्याणला पाठवलं. मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा सहा वाजले असतील. तरुण डॉक्टर होता, भराभर बोलत होता. मेंदूत रक्ताची गुठळी अडकलीय, म्हणाला. एक औषध आहे, ते त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत दिलं तर फरक पडतो, उशीर झाला तर तेच जिवावर बेततं. मग सरळ विचारलं, "शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं?"

"साडेबाराला," हेमंत म्हणाला. "जेवण वाढला आमाला."

"त्यानंतर कुणी पाहिलं? चालताना, बोलताना? काही ऐकलं?"

हेमंताने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नाही.

लॅपटॉप बाहेर गाडीत होता. त्यात कोणता टेक किती वाजता सुरू झाला तेही लिहिलेलं असतं. तीन वाजून गेल्यावर त्या आपल्या पायांनी अंगण ओलांडून आल्या होत्या आणि हात उचलून दार वाजवत होत्या, हे जगात फक्त मला ठाऊक होतं. मला समोर सगळं दिसत होतं. पण सांगायचं म्हणजे हेमंतासमोर सांगायचं, की ठोके मी ऐकले आणि बटण दाबलं.  डॉक्टरने हेमंताच्या खांद्यावर हात ठेवला. "नक्की वेळ कळत नाही, तर तो धोका मी घेऊ शकत नाही," म्हणाला, आणि आत गेला.

पुढे कधीतरी मी ओळखीच्या एका डॉक्टरांना दुसऱ्याच कुणाची गोष्ट म्हणून विचारलं. ते म्हणाले, दिलं असतं की नसतं, आणि देऊन उपयोग झाला असता की नाही, आज कुणी सांगू शकत नाही. मी त्या वाक्याला बरेच महिने धरून राहिलो. धरवत नाही ते. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी होतं आणि मी दिलं नाही. औषधाचं जे व्हायचं ते होवो.

मावशी वाचल्या. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

आठ दिवसांनी दुकान लावून घेऊन मी तो मधल्या माइकचा ट्रॅक ऐकला. माझ्या कानातून बंद केला होता, पण रेकॉर्ड होतच राहिला होता. आधी ठोके, मी ऐकले होते तेवढे. त्यानंतर मी न ऐकलेले. मग गादीतून गाळून आल्यासारखा आवाज, "हेमंता... ए हेमंता... दार काड रे..." जीभ जड होत गेलेली कळते. मग पॅडची टकटक, तालात, सुंदर. मग दारावर काहीतरी घसरत खाली गेल्याचा आवाज. पुन्हा एकदा "हे..." आणि त्यानंतर फक्त टकटक.

मी हेडफोन काढून फेकले. ते तुटले. काचेखालचा खोलीचा फोटो काढला. पण ट्रॅक पुसला नाही. का, ते सांगता येत नाही. पुसायला बोट गेलं होतं.

हेमंताने वाजवणं सोडलं. बँडने दुसरा ड्रमवाला घेतला, पण ते गाणं त्याच टेकवर निघालं. लोकांनी ड्रमची तारीफ केली म्हणे. मी त्याच्या घरी जायचो, वर्षातून दोनदा, फळं घेऊन. पाच मिनिटं बसायचो. मावशी पडवीत खाटेवर. माझ्याकडे बघून डाव्या हाताने बस म्हणून खूण करायच्या. मी बसायचो, पण त्यांच्याकडे बघायचं टाळायचो.

एकदा बारकूकाका भजनी मंडळाची ढोलकी घेऊन दुकानात आले. बसले, चहा घेतला, म्हशीचं झालं. मग म्हणाले, "आमच्या हेमंताचा काय खरा नाय बघा. म्हातारी त्याच्या हातचा खात नाय."

"म्हणजे?"

"तो घास घेऊन गेला का तोंड फिरवते. आमची बाई जाते दोन टाइम भरवायला. दुसरा कोनी पन चालतो. पोरगाच चालत नाय. त्यानं काय कमी केली का तिची? नोकरीची पाळी बदलून घेतली, लगीन नाय केला. रडतो पडवीमागं जाऊन."

"कधीपासून?"

"पयल्यापासना. दवाखान्यातना आनली तवापासना. डॉक्टर बोलला, डोक्यावर झालाय, माणूस वळखू येत नाय."

मी ढोलकीची चावी खाली ठेवली. मावशी मला ओळखत होत्या. बारकूकाकांना ओळखत होत्या. डोक्यावर झालेलं नव्हतं.

मला नवा सेट लावला तो दिवस आठवला. हेमंत आत वाजवत होता आणि मी मावशींना दारापाशी नेऊन म्हटलं होतं, "ऐका, काही ऐकू येतं?" त्यांनी कान लावला. आतून पाल चुकचुकावी तशी बारीक टकटक. त्या खूश झाल्या. "आता बरा झाला. याला हाक मारली तर आयकू जाईल." आणि मी, आपल्या कामगिरीच्या तोऱ्यात, म्हटलं, "जाईल की, मावशी!" हेडफोन म्हणजे काय, त्याच्या आत केवढा गदारोळ चाललेला असतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या हिशेबी ड्रमला आता आवाज नव्हता. शांत खोलीत मुलगा टकटक करत बसलेला, आई बाहेर हाका मारतेय, आणि तो दार उघडत नाही. कडी घालून बसलाय.

तीन वर्षं ती बाई हे मनात धरून पडून होती. बोलता येत नव्हतं. आणि तो मुलगा, आपलं काय चुकलं हे न कळता, रोज ताटली घेऊन जात होता आणि परत येत होता.

हे कळल्यावर मी त्याच दिवशी गेलो असेन असं तुम्हाला वाटेल. नाही. तीन महिने लागले मला. या तीन महिन्यांची लाज मला त्या बटणाहून जास्त वाटते.

या वर्षी गणपती झाल्यावर लॅपटॉप आणि नवे हेडफोन घेऊन गेलो. संध्याकाळ व्हायची होती. हेमंत अंगणात विळ्याला धार लावत होता. म्हटलं, हेमंत, तुला काही ऐकवायचंय, ऐकल्यावर तू म्हणशील ते मी ऐकून घेईन. तो हसला. "नवा गाना का काय दादा?" आम्ही पडवीत, मावशींच्या खाटेपासून चार हातांवर बसलो. त्याने हेडफोन घातले.

मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. आधी टकटक ऐकून ओळखीचं हसला. मग हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. मग हसू गेलं. शेवटपर्यंत ऐकलं त्याने. हेडफोन काढून मांडीवर ठेवले. 

"ह्ये तुमी तवा आयकला?"

"ठोके ऐकले. हाका नंतर. ठोके ऐकून मी माझा माइक बंद केला."

"कशाला?"

"टेक चांगला चालला होता."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मी मराठी सोडून भलतंच काही बोलल्यासारखं. मग म्हणाला, "डॉक्टरनं इचारला तवा? तवा तुमाला ठावं होता?"

"होतं."

मला वाटलं तो मारेल. मी तयारीनेच गेलो होतो. विळा त्याने येताना आणून पायाशी ठेवला होता. त्याने मारलं नाही. एकदम काहीतरी सुचल्यासारखा वळून आईकडे गेला. मांडी घालून खाटेपाशी बसला. "आये, तू हाका मारल्यास. माला आयकू आला नाय गो." त्यांनी तोंड फिरवलं, सवयीने. तो रडला नाही. उठला, माझ्या मांडीशेजारून लॅपटॉप उचलला, ते गाणं शोधलं आणि हेडफोन आईच्या कानांवर हलकेच बसवले. गाणं लावलं. मावशी दचकल्या. डावा हात कानाकडे गेला, त्याने तो धरून ठेवला, मग सोडला.

मग तो पडवीतून उतरला, अंगण ओलांडून त्या खोलीच्या दाराशी गेला. मावशींना खाटेवरून ते दार समोर दिसतं. तिथे उभं राहून त्याने मुठीने दार बडवायला सुरुवात केली. "आये! ए आये! दार काड!" पूर्ण ताकदीने. शेजारून बारकूकाकांची बाई बाहेर आली. गोठ्यातली म्हस उठून उभी राहिली. तो ओरडतोय, दार हादरतंय, आणि मावशी खाटेवर, त्याच्या हलत्या तोंडाकडे बघतायत. पापणी हलत नव्हती. मी बघत होतो, त्यांच्या चेहऱ्यावर उमज हळूहळू चढत गेली. त्यांनी डाव्या हाताने हेडफोन ओढून काढले. दाराचा आवाज त्यांच्या कानावर आदळला. पुन्हा कानाला लावले. पुन्हा काढले.

हेमंत धापा टाकत परत आला. मावशींनी हात पुढे केला, त्याच्या मुठीवर ठेवला. मूठ सोलवटली होती. त्यांच्या घशातून जो आवाज निघाला तो मी लिहू शकत नाही.

शेजारच्या बाईने सकाळी करून ठेवलेली पेज झाकलेली होती. हेमंताने वाटीत घेतली, चमचा पुढे केला. निम्मी अंथरुणावर सांडली. मावशींनी तोंड उघडलं.

ती पेज गिळता गिळता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आतापर्यंत बस म्हणून खूण करायच्या. या वेळी केली नाही. नुसतं पाहिलं, आणि आमचं मघाचं बोलणं ऐकून त्यांना सगळं कळलंय हे मला कळलं. मग सावकाश, अर्ध्या अंगाने जेवढं जमेल तेवढं, त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

हेमंत चमचा हातात धरून बसला होता. मागे न वळता म्हणाला, "दादा, तुमी आता निघा."

मी निघालो. लॅपटॉप तिथेच राहिला. हळदीची चार गाणी त्यात अर्धवट आहेत, लोक विचारतात. मी आणायला गेलेलो नाही.